स्नेहलच्या उशीचा वास

अहो,

स्नेहलला घेऊन पुण्याला डॉक्टरकडं चाललेय. भाकरी टोपलीत हायत, आमटी गरम करून घ्या. बंगल्यावरच्या पाहुण्यांचा चहा आज तुमीच करा.

पाहुणे गेले की खोलीच्या दारातूनच तुमी सांगता, हितं गांजा ओढलाय. गादीखालची पुडी तुमाला बरोबर सापडते. परक्यांची पोरं लगेच वळखता. आपल्या पोरीचे डोळे दोन महिने लाल, ताटात अन्न तसंच राहतंय, कॉलेजच्या बाईंचा दोनदा फोन आला, तरी तुमचं आपलं एकच, अभ्यासाचं जागरण हाय! मी बोलले तर म्हणालात, मुली असलं काय करत न्हाईत. मग बंगल्यावर येऊन ओढतात त्या कुणाच्या मुली असतात?

आज सकाळी मी तिला जवळ घेऊन विचारलं. लय रडली, पण खरं सांगितलं. संध्याकाळी आल्यावर तिच्यावर हात उगारायचा न्हाई. ओरडायचंच असंल तर माझ्यावर ओरडा, मी बी तुमचं ऐकून गप बसले.

तिच्या उशीला तोच वास येतोय म्हटल्यावर तुमी मलाच झापलंत, खोळ बंगल्याच्या चादरींबरोबर धुतली असशील म्हणून. त्या चादरी दिवाळीपासून लाँड्रीवाला नेतो. दर सोमवारी गाठोडं बांधून त्याच्या हातात तुमीच देता.

सारिका