एक माणूस कमी

९ जून

सही मीच केली.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं — तुमची स्वतःची इच्छा आहे ना? हे शेजारच्या खुर्चीत बसलेले. माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीवरचं पोस्टर वाचायले होते. मी हो म्हणले. एक गोळी तिथंच घेतली, बाकीच्या घरी घ्यायला दिल्या. परभणीच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना यांनी माझ्यासाठी केळी घेतली, पण पिशवी नको म्हणून ती हातात धरूनच उभे राहिले. लोकांना वाटलं असेल, किती जपतोय बाईला.

११ जून

दुपारपासून रक्त जायलंय. पत्रे तापलेले. पंखा आमच्याकडं नाही, दोन वर्षांखाली काढून यांनी बहिणीला दिला. फ्रीज पण तेव्हाच गेला. हे उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होते. तेवढं केलं, खोटं कशाला लिहू.

पण तोंड चालूच. "राजेश्री, एक माणूस जन्मभरात किती खातो, किती पाणी नासतो, किती जमीन अडवतो! हजारो जातींचे जीव कायमचे संपायलेत ते माणसं वाढली म्हणून. तू आज किती जिवांना जागा करून दिलीस!"

कळ आली की मी त्यांचा हात आवळायचे. तेव्हा थोडं थांबायचे. कळ गेली की पुढचं वाक्य.

सासूबाईंना सांगितलं, पाळीचा त्रास. त्या दारातूनच म्हणाल्या, "दर महिन्याला नुस्तं रगत. दुसरं काय येनार तुझ्याकडून."

हे ऐकत होते. पुठ्ठा हलवत राहिले.

१२ जून

लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्यांदाच राहिलं होतं.

२३ जून

कपडे रिठ्याच्या पाण्यात. भांडी राखेनं. म्हैस विकली तेव्हापासून चहा काळा. गॅस नाही — चूल, सरपण मी आणते. हे कॉलेजात शिकवताना पोरांना सांगतात, "आम्ही घरात एवढं एवढं सोडलं." सोडलं यांनी, वाकले मी. एकदा म्हणाले होते, आपलं घर म्हणजे प्रयोगशाळा आहे. मग प्रयोग कुणावर चाललाय ते पण सांगावं.

७ जुलै

जिंतूरला यांचं व्याख्यान. मला मुद्दाम नेलं, पहिल्या रांगेत बसवलं.

बोलतात मात्र छान. गिधाडं कशी गेली, चिमण्या कशा गेल्या, माळावरची पाखरं कशी चाललीत. सगळे गप बसून ऐकत होते. शेवटी एक पोरगी उठली. "सर, एकट्या माणसानं बदलून काय फरक पडतो?"

यांचा चेहरा असा खुलला, जणू तिनं तेच विचारावं म्हणून आले होते. "फरक एकट्यानंच पडतो. सगळे मिळून करू म्हणणारा कधीच काही करत नाही. आम्ही दोघांनी मूल न होऊ देण्याचा निर्णय घेतला. पृथ्वीवर एक माणूस कमी! माझ्या पत्नी इथं बसल्यात."

टाळ्या. सगळ्या माना माझ्याकडं. मी हात जोडले. दुसरं काय करणार.

बाहेर त्या पोरीनं माझ्यासोबत फोटो काढला. "मॅडम, तुमी लय ग्रेट हाव." तिच्या अंगाला लहान लेकरांच्या पावडरचा वास येत होता. महिनाच झालाय.

१५ जुलै

शेजारच्या कस्तुराबाईच्या नातवाचं बारसं. मी झबलं शिवलं होतं. निघताना सासूबाई आडव्या आल्या. "तू नको. लेकराच्या पाळन्याला वांझोटीचा हात कशाला? मी देते नेऊन."

हे ओट्यावर बसून पेपर वाचायले होते. मी बघितलं यांच्याकडं. पान उलटलं.

नंतर विचारलं, "हजार माणसांसमोर सांगता, निर्णय घेतला म्हणून. घरात एका बाईला का सांगत नाही?"

"आईला नाही समजणार. तिला उगाच दुःख."

तिला दुःख नको. बरं.

२ ऑगस्ट

हे माळावरून पळत आले. चप्पल हातात, पायात काटे. "तणमोर. राजेश्री, तणमोर!"

कोंबडीएवढा पक्षी, उंच गवतात राहतो. सगळ्या देशात मोजकेच उरलेत म्हणे. आपल्या जिल्ह्यात कित्येक वर्षांत कुणाला दिसला नव्हता. मलाही ओढत नेलं. नर गवतातून टुणकन वर उडायचा, हवेत पंख फडफडवायचा, परत खाली. परत वर. लहान पोरं उड्या मारतात तसा. मादीला शोधायचं म्हणून हे गवतात रांगत गेले. सापडली. ती उठून आडोशाला गेली आणि खाली अंडी — तीन, हिरवट तपकिरी.

हे गुडघ्यावर बसून रडले. हुंदके देऊन. लहान लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा अंड्यांवरून हात फिरवला, हात न लावता, वरून वरून.

मी उभी राहून बघत होते. जूनमध्ये यांच्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं.

फोटो माझ्या फोननं काढले. माझा फोन भावानं दिलेला, चांगला आहे. यांचा जुना. घरट्यापाशी बसलेले हे, आणि समोर अंडी. "कुणाला दाखवू नको," म्हणाले. "माणसांना कळलं की जागा गेली."

८ ऑगस्ट

सरपणाला जाते तेव्हा लांबून बघून येते. यांनी सांगितलंय म्हणून नाही. मला जावंसं वाटतं.

मादी गवतात अशी बसते की दिसतच नाही. फक्त डोळा दिसतो. तीही बघते, मीही बघते. आता उठत नाही.

१३ ऑगस्ट

माळ यांच्या कॉलेजच्या संस्थेनं घेतला. फार्मसी कॉलेज होणार. पाऊस उघडलाय तोवर सपाटीकरण करून घ्यायचं, जेसीबी येणार.

हे आल्यापासून आडवे. जेवले नाहीत. मी म्हणले, "अध्यक्षांना सांगा. फोटो दाखवा. महिनाभर थांबा म्हणा, पिल्लं उठू द्या."

"अध्यक्षसाहेब ऐकायचे नाहीत."

"मग वनखात्याला सांगा."

"वेडी आहेस का? कुणी सांगितलं ते कळायला वेळ लागतो का? माझ्याशिवाय कुणाला तणमोर ओळखू येतो इथं?"

"मग?"

भिंतीकडं तोंड करून म्हणाले, "नोकरी जाईल, राजेश्री. आणि एवढ्या मोठ्या कामापुढं एकट्या माणसाच्यानं काय होतंय?"

मी चुलीपाशी होते. हातातलं पीठ तसंच. मला वाटलं, आत्ता यांना स्वतःचंच बोलणं ऐकू येईल, उठून बसतील. नाही आलं ऐकू. पाणी मागितलं.

मी दिलं.

१६ ऑगस्ट

भूमिपूजन झालं. यांना स्टेजवर बसवलं होतं — निसर्गप्रेमी प्राध्यापक. अध्यक्षांनी यांच्या हातून एक रोप लावून घेतलं, फोटो काढले. यांनी भाषण पण केलं. "विकास आणि निसर्ग हातात हात घालून."

मांडवापासून घरटं असेल शे-दोनशे पावलांवर. भाषणभर यांनी तिकडं मान वळवली नाही.

१७ ऑगस्ट

सासूबाईंना सांगून टाकलं. सगळं. परभणी, गोळ्या, कुणी नेलं, कुणाला नको होतं.

शेंगा फोडत होत्या. हात थांबले. मला वाटलं, आता रडतील. मी जवळ सरकले, खरंच सरकले.

म्हणाल्या, "माझा महारुद्र आसं करनार न्हाई. सोताचा दोस माझ्या लेकरावर ढकलू नको."

"आत्याबाई, त्यांनाच विचारा."

"कशाला इचारू? आन् केलंच आसंल, तर तुझ्या पोटी नको आसंल त्याला."

परत शेंगा फोडायला लागल्या.

१९ ऑगस्ट

सकाळी सरपणाला गेले.

जेसीबी रात्रीतूनच पुढं सरकला होता. अर्धा माळ नांगरल्यासारखा उघडा. मी खुणेची बोरीची झुडपं शोधत होते, ती मुळासकट एका ढिगात पडलेली. चाकाच्या रुंद खुणेत सापडलं. एक अंडं पूर्ण मातीत गेलेलं. दुसऱ्याची टरफलं. तिसरं फुटून बाजूला, त्यात पिल्लू होतं. पिसं न आलेलं, डोळे मिटलेले, डोकं केवढं मोठं. पाय पोटाशी घेतलेले.

मादी लांब ढेकळांवरून चालत होती. उडत नव्हती. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

ड्रायव्हर बजरंग ओळखीचा. त्यानं इंजिन बंद केलं. "काय झालं वहिनी? काही हरपलं का?"

"न्हाई," म्हणले.

पिल्लू पदरात घेतलं. लिंबाखाली पुरलं. ते जूनमधलं पुरायला मला काहीच मिळालं नव्हतं.

घरी आले तर हे दारातच. स्वतः जात नाहीत माळावर, अध्यक्षांच्या माणसांनी बघू नये म्हणून. हळूच विचारलं, "आहेत का?"

मी म्हणले, "आहेत."

२० ऑगस्ट

"आहेत का?"

"आहेत. मादी बसलीय."

यांनी पोटभर जेवण केलं.

२२ ऑगस्ट

रोज विचारतात. रोज सांगते. काल सांगितलं, जेसीबीवाले तेवढा तुकडा सोडून काम करायलेत. लगेच पटलं. "बघ, मी म्हणत होतो. भांडून काही होत नाही. निसर्ग आपली वाट काढतो."

आता नवीन व्याख्यान लिहायलेत, या घरट्यावर. नाव पण ठरलं — 'सहजीवन'. मला वाचून दाखवलं. त्यात मी पण आहे. रोज सरपणाला जाऊन घरट्यावर लक्ष ठेवणारी माऊली.

माऊली म्हणाले. थांबले पण नाहीत त्या शब्दाशी.

२५ ऑगस्ट

"पिल्लं निघाली का गं?"

"निघाली. तिन्ही."

हे उठून आले, माझे दोन्ही हात धरले. डोळे भरलेले. "बघ राजेश्री, जूनमध्ये तू जो त्याग केलास ना..."

पुढं काय म्हणाले ते मी ऐकलं नाही. हात मात्र सोडवून घेतले नाहीत.

२७ ऑगस्ट

हे कॉलेजला गेले, सासूबाई गिरणीवर. वनखात्यात फोन लावला. म्हणले, मी प्राध्यापकसाहेबांच्या घरून बोलायलेय. माळावरचं तणमोराचं घरटं संस्थेच्या जेसीबीनं चिरडलं. साहेबांनी ते अगोदरपासून डोळ्यांनी बघितलेलं आहे, घरट्यापाशी बसलेले फोटो आहेत, आत्ता पाठवते. ते तक्रार द्यायला तयार आहेत, साक्ष पण देतील.

पलीकडचा माणूस खुश झाला. म्हणाला, असं पुढं येणारं कुणी नसतं हो. नाव सांगा त्यांचं.

सांगितलं. वडिलांचं नाव, आडनाव, कॉलेजचं नाव. सावकाश, त्याला लिहून घेता येईल असं.

मग पेपरवाल्याला तोच फोटो पाठवला.