एकशे एक्केचाळिसावा नंबर

डुलुथ, मिनेसोटा
२६ एप्रिल २०११

प्रिय वॉली,

अक्षर ओळखलंस का? नसशील तर आधी शेवटच्या पानावरचं नाव बघून घे आणि मग ठरव पुढं वाचायचं की नाही. पत्ता जॅनेटनं दिला. तुझी बहीण अजून तशीच आहे. पत्ता हातात ठेवण्याआधी तिनं मला दोन कप कॉफी पाजली आणि तासभर तुझ्या तक्रारी ऐकवल्या. तुझ्या अंगणात लिंबाची झाडं आहेत आणि तू सकाळी अनवाणी त्यांना पाणी घालतोस, हे तिच्याकडूनच कळलं. मी ते डोळ्यांपुढं आणून बघते, पण मला दिसतोस तो लोकरीची टोपी कानांवर ओढलेला, शाईनं काळी झालेली बोटं कपावर शेकत बसलेला. आज इथे सरोवरावर दाट धुकं आहे. पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं ते कळत नाही. मालाच्या बोटी दिसत नाहीत, नुसते त्यांचे भोंगे ऐकू येतात, आणि मग पुलाजवळ अचानक एक अख्खी बोट बाहेर येते, जणू एखादी गल्लीच घरांसकट चालत निघालीय. अशा दिवशी मला वाटतं, इतकी वर्षं गेलीच नसतील. खाली बेकरीत वेलदोड्याचा पाव भाजत असेल आणि वरच्या दोन खोल्यांत तू जमिनीवर पालथा पडून चित्रं काढत असशील.

त्या खोल्यांत आपण दोघंही मोजमाप करत होतो, नाही? तू ढगांचं, मी आकड्यांचं. दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत सात वितरकांची पाकिटं माझ्याकडे यायची. कुठल्या कॉमिकच्या किती प्रती दुकानांनी घेतल्या, ते त्यात असायचं. मी ते सगळं जुळवून तीनशे नावांची यादी करायची, पहिल्या नंबरापासून शेवटच्यापर्यंत, आणि चार पानांचं पत्रक छापून देशभरच्या दुकानदारांना पाठवायची. सुरुवातीला लोक हसले. "आमची लेम्पी धक्क्यावरचे मासे मोजायचं सोडून आता माणसं मोजायला लागली," असं माझे वडील म्हणायचे. पण तीन वर्षांत असं झालं की न्यूयॉर्कचे प्रकाशकसुद्धा माझ्या यादीची वाट बघू लागले. मला त्याचा फार अभिमान होता. एवढ्या मोठ्या देशात कोण काय वाचतं ते एका बेकरीच्या माडीवर बसून मला कळतं, असं मला वाटायचं.

आणि तुझी मिस हार्बर! बंदरावर राहणारी, राखाडी कोट घालणारी ती बाई. बाकीचे सुपरहिरो इमारती उचलायचे, ग्रह फोडायचे. हिला धड उंच उडताही यायचं नाही. बर्चच्या झाडांच्या शेंड्यांना पाय लागतील एवढंच, आणि तेही सावकाश. मी एकदा म्हटलं होतं, "अरे, जरा वेग दे तिला, पोरं कंटाळतील." तू डोकं वर न काढता म्हणालास, "घाईनं उडणाऱ्याला खाली कोण हाका मारतंय ते ऐकू येत नाही." मग यादी तयार झाली की तूच पहिला विचारायचास, "बोला बाईसाहेब, आमची पोरगी कितवी?" मी म्हणायची, "ब्याण्णवावी. केक आणायचा का?" आणि तू खरंच खाली पळत जाऊन केक आणायचास. शंभराच्या आत वर्षभर राहिली तर प्रकाशक तुला न्यूयॉर्कला बोलावणार होते, पगारावर, खिडकीजवळचं टेबल देऊन. सत्त्याऐंशीच्या मे महिन्यापर्यंत अकरा महिने झाले होते. एकच राहिला होता.

आता इथली एक गोष्ट सांगते. गेल्या महिन्यात चर्चमध्ये दुपारचं माशांचं जेवण होतं. माझ्या पिशवीत तुझा एकविसावा अंक होता. का होता ते शेवटी सांगते. शेजारी बर्निस हाल्वरसन नावाची म्हातारी बसली होती, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कानात यंत्र. लोहखनिज वाहणाऱ्या बोटींवर तिनं एकतीस वर्षं स्वयंपाक केला. पिशवीतून डोकावणारं मुखपृष्ठ तिनं पाहिलं आणि हातातला काटा-चमचा खाली ठेवला. "अगं पोरी, ही तर आमची हार्बर!" मी चौसष्ट वर्षांची पोर, मी म्हटलं, "तुम्ही वाचायचात?" ती म्हणाली, "मी? सगळी बोट वाचायची. एक बोट कसली, निम्मं सरोवर!"

वॉली, तिनं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहायचा प्रयत्न करते. पलीकडच्या काठावर, थंडर बे या बंदरात, धक्क्याजवळ एक दुकान होतं. तिथून बोटीवरचं कुणीतरी दर महिन्याला एक अंक घ्यायचं. अंक आधी इंजिनवाल्यांकडे जायचा, मग डेकवरच्यांकडे, मग स्वयंपाकघरात. बर्निस तो पिठाच्या डब्यात ठेवायची, कारण तिथं कप्तान हात घालत नसे. मग बंदरात दुसरी बोट लागली की अंक तिकडे, तिथून तिसरीकडे. आणि धुक्यात बोटी बाहेर खोळंबून राहिल्या की सुकाणूवरचा एक माणूस, एलरॉय त्याचं नाव, रेडिओवरून अंक वाचून दाखवायचा. चित्रंसुद्धा सांगायचा. "आता ती खांबावर उभी आहे. कोटाचा एक काठ वाऱ्यानं उडतोय. खाली पाणी काळं आहे, पण पायाशी थोडा उजेड पडलाय." चार-चार बोटींवरचे लोक जागच्या जागी थांबून ऐकायचे. "कप्तान ओरडायचा, हा रेडिओ आहे की बालवाडी! पण ओरडून झालं की स्वतः दाराशी उभा राहायचा मेला," असं म्हणून बर्निस इतकी हसली की तिच्या कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. मी ऐकत होते आणि मला ते सगळं दिसत होतं, पांढऱ्या धुक्यात न दिसणाऱ्या बोटी, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून सावकाश जाणारी ती. माझ्या यादीत त्या सगळ्यांची मिळून एक प्रत होती. ऐकणारे मी कधी मोजलेच नव्हते.

मग तिनं विचारलं. मला माहीत होतं ती विचारणार. "पण बंद का केली गं? सदतिसावा अंक आला आणि पुढं काहीच नाही. ती अर्धी पाण्यात, हात वर केलेला, आणि बस्स! आम्ही दुकानात जाऊन भांडलो. तो म्हणाला, कुणी वाचत नाही, यादीत एकशे एक्केचाळिसावी आहे. एलरॉय म्हणाला, कोण ती यादी करणारी बया, आण तिला बोटीवर, आमची डोकी मोज म्हणावं." माझ्या ताटातला मासा तसाच राहिला.

वॉली, त्या जूनमध्ये सहाच पाकिटं आली होती. सातवं, थंडर बेच्या वितरकाचं, टपालात अडकलं. पत्रक छापायला उशीर झाला असता, म्हणून मी सहांवर यादी केली. इतर कॉमिकना त्यानं फारसा फरक पडला नाही. तुझी मात्र जवळजवळ निम्मी दुकानं तिकडची होती. ब्याण्णवावरून एकशे एक्केचाळीस. छापताना मला खटकलं होतं, पण मी छापलं. इथवर चूक होती. चूक कुणाचीही होते.

पाकीट नऊ दिवसांनी आलं. मी फोडलं, बेरीज केली. मिस हार्बर अठ्ठ्याऐंशीवी होती. तोवर कधीच नव्हती इतकी वर. बारावा महिना भरला होता. दुपार होती, खिडकीत ऊन होतं, तू बाहेर गेला होतास. एक ओळ छापायची होती फक्त, दुरुस्ती म्हणून. मी कागद यंत्रात घातलाही. आणि मग मला तुझ्या टेबलाखालची ती सूटकेस दिसली, एप्रिलमध्येच विकत आणून ठेवलेली. तू न्यूयॉर्कबद्दल रोज बोलायचास, तिथल्या पुलांबद्दल, खिडकीजवळच्या टेबलाबद्दल. "तू येशील का," असं एकदाही विचारलं नाहीस. मी रोज वाट बघितली. तू आलास की आज विचारशील, जेवताना विचारशील, पुलावर फिरायला गेलो की विचारशील. ते पाकीट मी खणात ठेवलं. एक आठवडा ठेवावं, असं मनात होतं. आठवड्याभरात विचारलंस तर छापायचं. खरं आहे ते हेच आहे. मी तुझ्याशी सौदा करत होते आणि तुला त्याचा पत्ताही नव्हता.

आठवडा गेला तोवर दुकानदारांनी यादी वाचली होती. एकशे एक्केचाळिसावी म्हटल्यावर त्यांनी मागणी कमी केली. जुलैत खरोखरच प्रती कमी खपल्या. ऑगस्टमध्ये आणखी कमी. माझा खोटा आकडा बघता बघता खरा झाला, आणि मग दुरुस्त करायला काही उरलंच नाही, असं मी स्वतःला सांगितलं. सप्टेंबरात प्रकाशकाचं पत्र आलं. तू ते मला वाचून दाखवलंस आणि शाईची दौत धुवायला गेलास. बराच वेळ नळ चालू होता.

तू राहिला नाहीसच. ऑक्टोबरात पश्चिमेची बस पकडलीस. बसस्टँडवर मी पाव बांधून आणला होता. तू पिशवी घेतलीस आणि म्हणालास, "लोकांना नको होती ती, लेम्पी. आकडे खोटं बोलत नाहीत, आणि तुझे तर नाहीच नाही." पाव आजच खा, एवढंच मी म्हटलं. बस वळली तेव्हा तू हात केलास, मीही केला. त्यानंतर तू कधी एक चौकटही काढली नाहीस, धान्याच्या खोक्यांवर हसरे ससे काढत राहिलास, हे जॅनेटनं मला परवा सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. मला वाटायचं, तू कुठंतरी दुसऱ्या नावानं काढत असशील.

बर्निसला मी त्याच टेबलावर सगळं सांगितलं. तिनं कानातलं यंत्र नीट बसवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगतेस? मी स्वयंपाकीण. ज्याचं आहे त्याला सांग." तिनं माझं ताट उचललं आणि माशाचा दुसरा गरम तुकडा वाढून आणला. खा म्हणाली नाही, पण खाऊन होईपर्यंत उठलीही नाही.

आता तो अंक पिशवीत का होता ते. मिनियापोलिसचा एक लहान प्रकाशक तुझे सदतीसही अंक एकत्र करून पुस्तक काढतोय. तू परवानगी दिलीस, पण जॅनेट म्हणते, सही करताना म्हणालास, "काढा, वाचणारं कुणी नव्हतं तेव्हाही." प्रस्तावना त्यांनी मला मागितली, 'वाचकांनी पाठ फिरवलेलं एक सुंदर कॉमिक' या विषयावर, कारण जुने आकडे फक्त माझ्याकडे आहेत; म्हणून अंक पुन्हा वाचत होते. तसं मला लिहिता येत नाही, कारण वाचकांनी पाठ फिरवली नव्हती. वर लिहिलं ते सगळं मी प्रस्तावनेत लिहिलंय, सूटकेसचा भाग सोडून. तो तुझा-माझा आहे. पुस्तक वीस मेला छापायला जातं. तुला हे छापील पानावर, परक्या लोकांबरोबर कळू नये, म्हणून आज बसले. माझी पानं तुला पुस्तकात नको असतील तर प्रकाशकाला सांग, त्याला मी तसं कळवलंय. मग मी ती इथल्या वर्तमानपत्रात छापीन, पण छापीन. माफी मागत नाही, ती मागायचा दिवस मी चोवीस वर्षांपूर्वी घालवला. तू रागाव, पत्र फाडून टाक, उत्तर देऊ नकोस. फक्त यापुढं कुणी विचारलं तर लोकांना ती नको होती, असं सांगू नकोस, वॉली. ती फक्त मला नको होती, आणि तेही त्या एका आठवड्यापुरतं.

तुझीच, हे लिहायचा हक्क राहिला असेल तर,
लेम्पी