चिन्नूची वाळूतली अक्षरं

चेरतला
कन्नी महिना, ८

लाडकी ओमना,

तुझं पत्र आणि तू गाऊन पाठवलेली ओणमच्या गाण्यांची कॅसेट, दोन्ही हाती आलं. पाकीट एका कडेने फाटलं होतं. वाटेत फाटलं म्हणतो पोस्टमन. पण आपल्या घरातल्या बातम्या त्याच्या बायकोला आपल्याआधी कशा कळतात, याचा मला बरेच दिवस संशय आहे. आम्ही सगळे बरे आहोत. अप्पच्चीचे गुडघे तेवढे कुरकुरतात. तरी स्वयंपाक तीच करते आणि मी तिचा धाकटा भाऊ असल्याचं दिवसातून एकदा तरी ऐकवते. जावयाला, शशीला, माझे आशीर्वाद सांग. तुझी मस्कतच्या हॉस्पिटलची रात्रपाळी संपली का ते कळव.

तुझी चिन्नू मजेत आहे. तुझी कॅसेट लावली की टेपरेकॉर्डरसमोर मांडी घालून बसते, ती संपेपर्यंत हलत नाही. हाक मारायचीसुद्धा गरज पडत नाही बघ. मी जमिनीवर पाय आपटला की परसातून धावत येते. एवढी गुणी.

आपल्या कळरीची, माझ्या या वाळूतल्या अक्षरशाळेची, बातमी मात्र चांगली नाही. गावातली निम्मी मुलं कॉन्व्हेंटच्या बसने जायला लागल्यावर वाचनालयाच्या कमिटीने डोकं लढवलं. सेक्रेटरी दिवाकरन घरी आला आणि म्हणाला, "आशान, गुरुजी तुम्हीच राहाल, तुमची वाळूही राहील आणि नवं शिक्षणही येईल. दोन्ही एका छपराखाली. लोकांना आता असंच हवंय."

"म्हणजे तांदळाच्या पुट्टूवर आइस्क्रीम?"

"खाऊन तर बघा!"

तर आता सकाळी वाळूवर अक्षरं मी शिकवतो आणि नंतर जिन्सी टीचरचा वर्ग भरतो. कोट्टयमला ट्रेनिंग घेऊन आलेली आहे, वय तुझ्याहून कमी, आवाज कायम मऊ. मला फार मऊ बोलणाऱ्या माणसांची भीती वाटते. तिच्या वर्गात मुलं एका मगातलं पाणी दुसऱ्या मगात ओततात, आणि ते झालं की दुसऱ्यातलं पहिल्यात. लाकडी ठोकळे भोकांत बसवतात. याला शिक्षण म्हणायचं. वाळूचे चार कण बोटात धरून मांडीला चिमटा काढायचा, ही आपली वडिलोपार्जित पद्धत तिने पहिल्याच दिवशी बंद करायला लावली. तुझ्या मांडीला काही झालं का?

परवा मी चिन्नूचं बोट धरून वाळूत अक्षर गिरवत होतो, तर ही येऊन शेजारी बसली. म्हणाली, "आशान, बोट सोडा ना. ती एकटी काय करते ते बघू."

मी सोडलं. आणि ओमना, तुझ्या लेकीने साऱ्या मुळाक्षरांची ओळ अशी काढली की माझ्या वडिलांनी बघितली असती तर तिथेच तिला गुरूचा पाट दिला असता. अजून चार वर्षांचीही नाही! दुसऱ्या कुठल्या पोराला हे जमत नाही. माझा ऊर भरून आला. टीचरचा चेहरा मात्र पडला. विचारते, "यातलं एखादं अक्षर मोठ्याने म्हणेल का ती?" मी म्हटलं, सगळ्यांबरोबर रोज म्हणते, तोंड हलताना तुम्हाला दिसत नाही का? दुसऱ्याच्या पोराचं कौतुक सोसत नाही काही जणांना.

चिन्नू फोनवर का बोलत नाही, असं तू याही पत्रात विचारलंयस. अगं, बूथवर केवढी गर्दी असते, लाजते बिचारी. तुझी आईही उशिराच बोलायला लागली होती म्हणतात, आणि नंतर काय बोलायची ते तुला माहीत आहे. पण बाप म्हणून एक विचारतो, खरं सांग. ही शंका तुझी तुलाच आली, की त्या टीचरने तुला पत्र घातलंय?

तुझा,
अच्छन

———

चेरतला
तुलाम १२

लाडकी ओमना,

विजयादशमीचा अक्षरारंभ चांगला झाला. यंदाही लोक पोरांना घेऊन माझ्याकडेच आले, कॉन्व्हेंटला जाणारेसुद्धा. जिभेवर सोन्याने अक्षर लिहून घ्यायला आशान लागतो, मग वर्षभर बस लागते. असो.

टीचरने तुला पत्र घातलेलं नाही, असं तू शपथेवर लिहिलंस. तुझ्यावर विश्वास आहे. तिच्यावर नाही.

ऐक, काय काय चाललंय ते. मागच्या आठवड्यात चिन्नू ठोकळे घेऊन बसली होती आणि या बाईने तिच्या पाठीमागे स्टीलची ताटली फरशीवर टाकली. मुद्दाम! मी दारातून बघितलं. बाकीची पोरं दचकली, एक तर रडायला लागलं. आपली चिन्नू ढिम्म हलली नाही. अशी एकाग्र मुलगी! पण पोरीला घाबरवायचा हा काय प्रकार? विचारलं तर "हातातून पडली, आशान" म्हणाली. माझ्याशी बोलताना तिचे कान लाल होतात. खोटं बोलणाऱ्यांचे होतात तसे.

मग ती अप्पच्चीला गाठून चौकशा करून गेली. लहानपणी ताप आला होता का, बाळंतपण कुठे झालं, घरात आणखी कोणी असं आहे का. "असं" म्हणजे कसं, हे अप्पच्चीने विचारलं नाही आणि वर तिला कॉफी पाजली. दिवाकरनशीही तिचं सारखं कुजबुजणं चालतं. मी गेलो की दोघंही पावसापाण्यावर येतात. यात नक्की काहीतरी शिजतंय. आधी चिन्नूला मंद ठरवायचं. आशानची नातच मंद निघाली म्हटल्यावर आशानची वाळू कोण मागणार? मग छप्पर यांना मोकळं. एवढं न कळायला मी काही कालचा नाही.

पण ज्याने माझं खरं डोकं फिरलं ते आता सांगतो. तिचा एक खेळ आहे, गप्प बसण्याचा. सगळ्या पोरांनी डोळे मिटून बसायचं. ही झावळ्यांच्या तट्ट्यामागे जाते आणि तिथून एकेकाचं नाव हळूच घेते. ज्याचं नाव येईल त्याने उठून पावलं न वाजवता तिच्याकडे जायचं. जाणाऱ्याला ती जवळ घेते. पोरं या खेळासाठी जीव टाकतात.

मी बाहेरून तट्ट्याच्या फटीतून रोज बघतो. सगळी पोरं एकेक करून जातात आणि शेवटी चिन्नू एकटी उरते. डोळे घट्ट मिटून, हात मांडीवर ठेवून, शहाण्यासारखी बसून राहते. तिचं नाव येतच नाही. मग ही बाई येते, तिच्या खांद्याला हात लावून उठवते, आणि चिन्नू डोळे उघडून बघते तर सगळे तिकडे. एके दिवशी तिचा ओठ थरथरला. ओमना, माझ्या डोळ्यांना पाणी आलं. एवढ्याशा पोरीवर राग काढायचा? माझं काय ते माझ्याशी बोल की.

उद्या कमिटीची बैठक आहे. चारचौघांत विचारणार आहे. तू काळजी करू नकोस, तुझी लेक मी कोणाला दुखवू देणार नाही.

तुझा,
अच्छन

———

चेरतला
वृश्चिकम १५

ओमना, माझ्या बाळा,

मधल्या तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही. पेन हातात घ्यायचो आणि चिन्नू किती उंच झाली यापलीकडे काही लिहवायचं नाही. आज सगळं लिहितो. आधी बस. शशी घरी असेल तर त्याला जवळ बसव.

त्या बैठकीत मी उभा राहिलो आणि जे मनात होतं ते सगळं ओतलं. शेवटी म्हटलं, "टीचर, सगळ्या मुलांची नावं घेता, मग माझ्या नातीचंच नाव घ्यायला तुमची जीभ का अडते?"

ती उठली. आवाज तोच, मऊ. म्हणाली, "आशान, मी रोज सगळ्यात आधी तिचंच नाव घेते. नंतर मध्ये घेते. शेवटी ती एकटी उरते तेव्हा मोठ्याने घेते. तुम्ही बाहेर उभे असता. तुम्हालाही ऐकू येत असेल."

ओमना, मला ऐकू येत होतं. ते शेवटचं मोठ्याने घेतलेलं नाव मी रोज ऐकत होतो. मी ठरवून टाकलं होतं की ही बाई आता मला ऐकवायला म्हणून ओरडते, म्हणून ते मी धरलंच नाही.

बैठकीत मी तिला खोटारडी म्हणालो. दिवाकरन म्हणाला, "आशान, तुम्हाला सांगायची आमची कोणाची हिंमत होत नव्हती." मी चपला घातल्या आणि निघून आलो. वाटेत स्वतःला बजावत होतो की सगळे सामील आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिन्नू ओसरीवर वाळूत गिरवत होती. मी नेहमी तिच्यासमोर बसतो. त्या दिवशी मागे जाऊन उभा राहिलो आणि हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मग अशी मारली की अप्पच्ची हातात पळी घेऊन बाहेर आली आणि पलीकडच्या अंगणातून कोणीतरी विचारलं, काय झालं म्हणून. चिन्नू अक्षराचं वळण पुरं करत होती. मग मी पाय आपटला, आणि ती वळून हसली. ही पाय आपटायची सवय मला कधी लागली? अप्पच्ची तिला जेवायला बोलावताना दिवा का हलवते? आम्हा दोघांपैकी कोणी कधी विचारलंच नाही गं. आमचे हातपाय समजून चुकले होते, आम्ही नाही.

तरी माझी खात्री होईना. तुझी कॅसेट लावली. ती येऊन बसली. मी आवाजाचं बटण हळूहळू फिरवत पार बंद केलं. ती तशीच बसून राहिली, खुशीत, त्या फिरणाऱ्या चाकांकडे बघत, कॅसेट संपेपर्यंत. पोरी, तू दोन वर्षं तिच्यासाठी गात होतीस.

मी तिथेच बसून रडलो. तिने माझे डोळे पुसले आणि मला खेळायला ठोकळा आणून दिला.

पोस्टमन, सेक्रेटरी, टीचर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला माझा. फक्त जिथे घ्यायला हवा होता तिथे घेतला नाही. अक्षर इतकं सुरेख काढणाऱ्या पोरीच्या कानाला काही असेल, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. आपल्या घरात लिहिता येणं म्हणजे सगळं येणं. ती सगळ्यांबरोबर ओठ हलवायची आणि मी शाबासकी द्यायचो.

टीचरच आम्हाला तिरुअनंतपुरमला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो. तिनेच केळ्याचे चिप्स पुढे केले आणि म्हणाली, "खा, आशान. मलाही सुरुवातीला वाटलं होतं की मुलगी शांत स्वभावाची आहे. गप्प बसून काम करणारं मूल आम्हाला फार आवडतं. मीही फसलेच की." खरं बोलली, की मला बरं वाटावं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले, एका कानाने अगदीच नाही, दुसऱ्याने थोडं आहे. त्या कानाला यंत्र लावलं आहे. पहिल्या दिवशी तिने ते भाताच्या पातेल्यात टाकलं. माझाही त्या यंत्रावर फारसा भरवसा नाही, पण मी ते रोज सकाळी स्वतः लावतो. डॉक्टरांनी आणखी एक सांगितलं, ते तसंच्या तसं लिहितो. आता एकेक महिना मोलाचा आहे. समोर बसून, तोंडाकडे तोंड करून, दिवसभर कोणीतरी तिच्याशी बोलायला हवं. मी विचारलं, आजोबा चालतील का? म्हणाले, चालतील, पण तिची आई कुठे आहे?

मी म्हटलं, मस्कतला. त्यांनी मान खाली घालून औषधाचा कागद लिहिला.

आता कळरीत मी आणि टीचर एकाच पाटाशी बसतो. ती वस्तू ठेवते, मी तिच्या शेजारी वाळूत शब्द काढतो. पाणी ठेवलं की पाणी, केळं ठेवलं की केळं. चिन्नू माझ्या गळ्याला हात लावते आणि मी म्हणतो. अजून पोरगी काही बोललेली नाही. पण अक्षर कशाचं तरी असतं, हे तिला आत्ता कळायला लागलंय. इतके दिवस मी तिला नुसती नक्षी शिकवली.

काल टीचरने आपल्या घरातल्या भिंतीवरचा तुझा फोटो आणून पाटावर ठेवला. मी शेजारी 'अम्मा' लिहिलं. हे दोन अक्षरांचं नाव चिन्नूने शेकडो वेळा गिरवलंय. तिने फोटोकडे बघितलं, वाळूकडे बघितलं, परत फोटोकडे. मग माझा हात बाजूला सारून स्वतः लिहिलं.

आज सकाळी ती मला हाताला धरून फाटकापर्यंत घेऊन गेली. खाली बसली आणि रस्त्याच्या कडेच्या वाळूत तेच लिहिलं. मग उठून रस्त्याकडे बोट केलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. ओमना, ती विचारत होती. जन्मात पहिल्यांदा तिने कोणाला काही विचारलं. मी तिला उचलून आत आणलं.

तुझी नोकरी, तुमचं अर्धं झालेलं घर, करार, सगळं मला माहीत आहे. काय कर ते मी सांगत नाही. पण ती परत फाटकाशी जाऊन रस्त्याकडे बघते आहे आणि या वेळी मला तिला आत ओढून आणवत नाही. कॅसेट पाठवू नकोस आता. ये.

तुझी वाट बघणाऱ्या दोघांपैकी ज्याला बोलता येतं तो,
अच्छन