टू की आयएनजी?

३ जून १९३६, वडनेर
नागपूरहून यांचं पत्र आलं. आत माझंच मागचं पत्र परत — तांबड्या शाईनं चिरलेलं! मी लिहिलं होतं, 'आय एन्जॉय टू कुक.' त्यांनी 'टू' खोडून 'कुकिंग' केलं. खाली शेरा — "शंका आली की आयएनजी लावत जा."
बीएची परीक्षा मार्चातच आटोपली. तरी घरी काऊन येत नाहीत, याबद्दल एक ओळ नाही. लग्नाला चौदा महिने झाले. एकत्र राहिलो एकोणीस दिवस.

७ जून
उत्तर लिहिलं. इंग्रजीतच! शेवटची ओळ मनापासून — हातचं काम टाकून मी तुमचा विचार करायला थांबते. थांबण्यापुढे काय लावायचं? शंका आली. आयएनजी लावलं. 'आय हॅव स्टॉप्ड थिंकिंग ऑफ यू.'

९ जून
पत्र शेजारच्या सरवरीला दाखवलं. मेहबूब शिंप्याची बायको. माहेर भुसावळचं, वडील रेल्वेत, इंग्रजी मडमेकडे शिकलेली. शेवटची ओळ वाचून तिनं कपाळावर हात मारला.
"हे काय लिवलं वं? नवऱ्याचा इचार करनं सोडून देलं तू!"
"नाही वं! इचार कराले थांबली, असं लिवलं."
"मंग 'टू थिंक' पाह्यजे. टू लावलं तं इचार कराले थांबली. आयएनजी लावलं तं इचारच बंद!"
एवढ्याशा शेपटावर संसार!

१० जून
ओळ दुरुस्त करायला टाक उचलला. मग वाटलं — चौदा महिने! वाचू दे एकदा. घाबरून तरी येतील. पत्र तसंच टपालपेटीत टाकलं.
काय केलं मी हे!

११ जून
दुपारी दारात बैलांची दमणी. हे! ट्रंक, वळकटी, सगळी पुस्तकं घेऊन. कालचं पत्र मिळणं शक्यच नाही — आपणहून आले!
सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळला. "काऊन रे, एकदम?"
"सुट्टी हाये."
माझ्याकडे बघून हसले. मी मेले. ते पत्र तिकडून फिरून इथंच येणार.

१५ जून
पोस्टमन आला. मामंजींच्या नावचं कार्ड, माझं पत्र नाही.

१६ जून
आलं! वसतिगृहातल्या मित्रानं पत्ता खोडून इकडे धाडलेलं. त्यांनी ओसरीवर उभ्यानंच फोडलं. मी दाराआड, पदर तोंडात. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाचली. डोळे भरून आले त्यांचे!
"कोकिळे — सारे कामं टाकून माहा इचार कराले थांबली तू?"
मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच कळलं नाही.
"अन् एक चूक नाही पत्रात! एकबी नाही!"

१७ जून
सकाळी विहिरीवर आले, कळशी हातातून घेतली, अन् सांगितलं. सुट्टीबिट्टी काही नाही. इंग्रजीत नापास. दुसऱ्यांदा. "बाबाले कसं सांगू?" — मले विचारतात. मले!