पाण्याआधी दोन घास

८ एप्रिल ८६, मंगळ.
शुभूच्या पोहण्याच्या सरांनी आज तलावावर मलाच गाठलं. डिमेलो सर, मरोळ गावठाणातले, मराठी आपल्यापेक्षा फाडफाड. "बाई, पोरगी उपाशी पोहते. डंबेल उचलताना हात लटपटतात तिचे. सकाळी पोटात काहीतरी घाला."
उपाशी म्हणे! पोहून आली की दोन अंडी, नाचणीची भाकरी, वर दूध. वर्सोव्याची कोळीण बांगडे देऊन गेली की मधला तुकडा हिचा, ह्यांना शेपटी. आणि माझी पोर उपाशी?
पण पाण्यात जाण्याआधी नाही म्हणजे नाही. सरांना कारण सांगितलं नाही.

१० एप्रिल, गुरु.
काय सांगायचं? धाकटा भाऊ बाळू, सोळा वर्षांचा, पट्टीचा पोहणारा. गावी दुपारी जेवला आणि तसाच खाडीत उतरला. पेटका आला म्हणाले. संध्याकाळी बाहेर काढला. तेव्हापासून आमच्याकडे भरल्या पोटी पाण्यात पाय घालायचा नाही. शुभूला पोहायला घातलं ते ह्यांच्या हट्टापायी. तेव्हाच म्हटलं, नियम माझा. पोरीने कधी कुरकुर केली नाही.

१५ एप्रिल, मंगळ.
अक्षर वाचता येईल की नाही देव जाणे.
शुभू आज बुडता बुडता वाचली. शेवटच्या फेरीत मध्येच थांबली आणि खाली गेली. मी काठावर नुसती उभी. सरांनी कपड्यांसकट उडी घेतली. वर काढली तेव्हा ओठ पांढरेफटक. ओकली ती नुसतं पाणी. पोटात दुसरं होतंच काय!
सर सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. ओरडू देत.

१६ एप्रिल, बुध.
डॉक्टर म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, पोट रिकामं, एवढंच. उतरायच्या तासभर आधी केळं, चिकू, शेंगदाण्याचा लाडू, असं हलकं द्या.
"आणि पेटका?"
"तट्ट जेवून जोर करू नये, वहिनी. पण दोन घासांनी कुणी बुडत नाही."
हे सेकंड शिफ्टहून आल्या आल्या, "आता तरी ऐकशील ना?"
ऐकेन हो. पण केळं हातात घेतलं की बाळूच दिसतो. काय करू मी?

१९ एप्रिल, शनि.
आज धीर केला. केळं सोलून शुभूपुढे धरलं.
"नको आई. मला मामासारखं होईल."
मामाला तिने पाहिलेलंसुद्धा नाही.
"अगं, डॉक्टरांनी सांगितलंय."
"पण तूच तर म्हणायचीस ना..."
लहानपणी औषधाला बसायची तशी ओठ घट्ट मिटून बसली. वाट लागली. माझी भीती तिच्यात कधी गेली, मला कळलंच नाही.

२३ एप्रिल, बुध.
रोज तेच. केळं नको, चिकू नको, लाडू नको. सर उपाशी उतरू देत नाहीत, ही खाऊन उतरत नाही. टॉवेल गुंडाळून काठावर बसून राहते. संघाची निवड चाचणी ४ मेला. ह्यांनी दम दिला तर रडून रडून खोकत बसली.
आज म्हणते, "तू खाऊन उतर पाण्यात. तुला काही झालं नाही तर मी खाईन."
मी! बाळू गेल्यापासून बादलीतलं सोडून कुठल्या पाण्याला हात लावला नाही मी.

२७ एप्रिल, रवि.
उतरले. बायकांच्या बॅचला, शेजारणीचा पंजाबी ड्रेस घालून. आधी शुभूसमोर केळं आणि एक लाडू खाल्ला.
उथळ बाजूला काठाचा दांडा दोन्ही हातांनी धरला. पाणी छातीला लागलं आणि वाटलं, मेले. पोटात गोळा आला. पेटका! सर वरून, "बाई, श्वास सोडा आधी, श्वास!" सोडला. गोळा गेला.
शुभू काठावर, नजर माझ्यावरून हलवत नाही. मी मुद्दाम दात काढून दाखवले. "झकास आहे गं पाणी!" खोटारडी मेली मी.
घरी येताना म्हणाली, "घाबरली होतीस ना?"
हो म्हटलं.
"खूप?"
खूप.
मग माझा हात धरून चालली. केळ्याचं काही बोलली नाही.

४ मे, रवि.
तलावावर, बाकावर बसून लिहितेय.
सकाळी केळं सोलून दिलं. शुभूने घेतलं. माझ्याकडे बघत बघत सगळं खाल्लं, डोळ्यांत पाणी आणून, पण गिळलं. मला वाटलं होतं, हिने एकदा खाल्लं की मी सुटले. कसली सुटतेय! बाळूसुद्धा आईच्या हातचंच जेवून गेला होता. त्या दिवशी आईला काय झालं असेल, ते आज कळतंय.
मघाशी तिने हात केला. मीही बाकावरून अर्धी उठून केला. सर म्हणाले, "बाई, नीट बसा, पडाल."
शिट्टी झाली. सगळे ओरडतायत. शेजारची बाई विचारतेय, "तुमची कुठली?" मान वर होत नाहीये माझी. लिहितेय आपली. हात मारल्याचे आवाज येतायत, खूप जणींचे एकदम. त्यात तिचा कुठला, कळत नाही.
आता बघायला हवं.