बिल्ला क्रमांक एक्केचाळीस

रविवार, २ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. यंदाचा क्लबचा चषक मी जिंकणार आहे, आणि जिंकल्यावर लोक विचारतीलच की कसं काय जमवलंत बुवा. तेव्हा तारीखवार पुरावा हाताशी असलेला बरा.

परिस्थिती अशी. शिडाची बोट माझ्या मालकीची आहे. सेकंडहँड, पण तगडी. नाव 'सावकाश'. हे आधीच्या मालकाचं डोकं. बोटीचं नाव बदललं की अपशकुन होतो म्हणतात, म्हणून राहू दिलं. बोट दोन माणसांची. मागचा सुकाणू धरतो आणि डोकं चालवतो (मी). पुढचा छोटं शीड ओढतो आणि सांगितलेलं ऐकतो (जागा रिकामी). दोन माणसं नसली तर शर्यतीत घेत नाहीत. एवढी एकच किरकोळ अडचण आहे. बाकी पाण्याचा अनुभव म्हणाल तर पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं काढली. मीटर विभागात का असेना, पाणी ते पाणीच.

चषक ३० मार्चला. पुढची जागा मी हिच्यासाठी ठेवली आहे. ही लेकीकडे गेली आहे. नात झाली तेव्हा दोन महिन्यांसाठी म्हणून गेली, त्याला आता चौदा महिने झाले. दर रविवारी संध्याकाळी सातला हिचा व्हिडिओ कॉल असतो. आज सरळ विचारलं, चषकाला येतेस का, माझ्या पुढे बसायला? म्हणाली, अहो, मला पाण्याची भीती वाटते, मला पोहता कुठे येतं. मी म्हटलं, जॅकेट असतं, बुडायचं म्हटलंस तरी बुडता यायचं नाही. मग म्हणाली, बघू.

म्हणजे येणार! हिचा 'बघू' मला पाठ आहे. फ्रिजच्या वेळीही 'बघू' म्हणाली होती, आणि आठवड्याच्या आत फ्रिज घरात आला होता.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

संकल्प: रोज सकाळी पाचला उठणे, पन्नास बैठका, गाठींचा सराव.

साडेआठला उठलो. बैठका दोन. तिसऱ्या वेळी गुडघ्यातून असा आवाज आला की मीच दार वाजलं म्हणून बघायला गेलो. कोणी नव्हतं.

गाठी मात्र उत्तम. जेवणाच्या टेबलाला हिची खुर्ची बांधली. अशी पक्की गाठ क्लबात कोणाला येत नाही. सोडवायची कशी ते बोटीबरोबर मिळालेल्या पुस्तकाच्या पुढच्या पानावर होतं, आणि ते पान आधीच्या मालकाने फाडलेलं निघालं. राहू दे. तूर्तास त्या खुर्चीवर बसणारं कोणी नाहीच.

रविवार, ९ फेब्रुवारी

क्लब. साथीदार नसल्याने शर्यतीत नव्हतो. सेक्रेटरीबाईंनी आग्रहाने भोंगा माझ्याकडे दिला. (त्यांचं म्हणणं, काका, नुसते उभे आहात तर वाजवा.) सुरुवातीचा भोंगा ही शर्यतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तो वाजल्याशिवाय चॅम्पियनसुद्धा हलत नाही.

दातांचे डॉक्टर भेटले. मागच्या मोसमात एकदा ते माझ्या पुढे बसले होते. त्या दिवशी आम्ही लाल बोयाला, म्हणजे शर्यतीच्या तरंगत्या खुणेला, वळसा घालण्याऐवजी एका मासेवाल्याच्या जाळ्यावरच्या तरंगत्या डब्याला घातला आणि परत आलो. वाऱ्याची चूक. पुढच्याच आठवड्यात डॉक्टरांनी एकट्याची बोट घेतली. हेवा, दुसरं काय! माझं पाहून त्यांनाही स्वतःचं सुकाणू हवंसं वाटलं.

संध्याकाळी सातला फोन. हिचे केस ओले होते, शिंका चालल्या होत्या. म्हणाली, संध्याकाळचा क्लास लावलाय. बायकांना क्लासचं फार वेड. मी वाऱ्याची दिशा कशी ओळखायची ते समजावून सांगितलं, वीस मिनिटं. नातीने स्क्रीनवर बोट ठेवून 'बंद' म्हटलं. मुलगी हुशार आहे, बोलायला लवकर लागली.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज क्लबात भयंकर प्रकार. लिहून ठेवतो, कारण यातून नव्या सभासदांना शिकता येईल.

बोटींच्या शेडच्या दाराशी एक फळा आहे. त्यावर खिळ्यांच्या दोन रांगा. वर 'पाण्यावर', खाली 'जमिनीवर'. प्रत्येक सभासदाचा नंबर घातलेला पत्र्याचा बिल्ला असतो. जाताना वर टांगायचा, परत आलं की खाली. माझा एक्केचाळीस. दिवस मावळला आणि एखादा बिल्ला वरच राहिला, की माणूस बुडाला असं धरून मदतीची मोटरबोट निघते. आणि तो माणूस नुसता विसरला असेल, तर पुढच्या रविवारी त्याने ती मोटरबोट एकट्याने धुवायची. क्लबचा जुना नियम आहे.

डॉक्टर विसरले! शर्यत संपवून आले आणि थेट घरी. इकडे बिल्ला वर. मोटरबोट तासभर तलाव पालथा घालत होती. सेक्रेटरीबाई काठावरून हाका मारत होत्या, त्यांचा आवाज कापत होता. जो तो फोन लावतोय. डॉक्टर घरी गाढ झोपलेले. उठले तेव्हा फोनवर अकरा मिस्ड कॉल होते, असं त्यांनी स्वतः सांगितलं.

अकरा.

बेजबाबदारपणाची हद्द झाली. मी असतो तर लाजेने तोंड दाखवलं नसतं.

रविवार, २ मार्च

डॉक्टरांनी मोटरबोट धुतली. धुतली कसली! सगळा क्लब भोवती जमलेला. कोणी बादली देतंय, कोणी इथे राहिलं, तिथे राहिलं म्हणतंय, कोणी फोटो काढतंय. सेक्रेटरीबाईंनी आपल्या हाताने चहा आणून दिला आणि वर रागावल्या, की पुन्हा असा जीव टांगणीला लावलात तर बघा. डॉक्टर दात काढून हसत होते. दात चांगले आहेत म्हणून काय झालं!

मी एकदाही बिल्ला विसरलेलो नाही. अर्थात तो वर टांगायची वेळ यंदा आलेली नाही. पण मुद्दा शिस्तीचा आहे.

रविवार, ९ मार्च

भोंगा एक मिनिट आधी वाजला. कोणी विशेष बोललं नाही, फक्त चौदा बोटी मागे वळवून पुन्हा आणाव्या लागल्या.

सातला फोन. ही खुशीत दिसली. डोळे लाल, केस ओले. म्हणाली, पुढच्या रविवारी तुम्हाला एक गंमत सांगणार आहे. मी म्हटलं, आत्ताच सांग. नाही म्हणाली, अजून पूर्ण झालेली नाही. स्वेटर विणत असणार. चषकासाठी! रंग निळा असावा एवढं सुचवलं.

रविवार, १६ मार्च

सकाळी ११. भोंगा वेळेवर वाजवला. कौतुक करायला कोणी थांबलं नाही. बोटी निघून गेल्या की काठावर फार सामसूम होते.

दुपारी ३. शर्यत संपली. मंडळी चहाला गेली. मी एकट्यानेच सरावाला निघायचं ठरवलं. सरावाला दोघांची सक्ती नाही. बिल्ला काढून वर टांगला. यंदा पहिल्यांदाच! कव्हर काढलं. मग वाऱ्याचा अंदाज घ्यायला बोटीत बसलो. बोट अजून गाडीवर, गाडी जमिनीवर. अर्धा तास बसलो. पुढच्या जागेकडे बघत बसलं की अर्धा तास कसा जातो कळत नाही. वारा काही मनासारखा नव्हता. कव्हर परत घातलं.

४.३०. घरी.

५.१५. अरेच्चा! बिल्ला वरच राहिला वाटतं. आता काय करायचं? परत जायला वीस मिनिटं लागतात. शिवाय पाय दुखतोय. आणि एका अर्थी बरंच झालं. सुरक्षा व्यवस्था नीट चालते का हे अधूनमधून तपासायलाच हवं. उगाच डॉक्टरांवर बोललो, माणूस विसरतो.

६.००. फोन चार्ज केला. रेंज खिडकीत चांगली येते, खुर्ची तिथे घेतली. घाबरलेल्या माणसांशी काय बोलायचं ते ठरवलं: 'अरे, मी अगदी ठीक आहे हो, एवढी काळजी कशाला केलीत?' दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा आवाज छान लागला.

६.४०. अंधार पडत आला. आता निघाले असतील.

७.००. फोन! उडालोच. हिचा होता. केस ओले, चेहरा हसरा. म्हणाली, अहो ऐका ना, गंमत सांगते. मी म्हटलं, आत्ता नको, क्लबात आणीबाणी आहे, अतिशय महत्त्वाचे फोन यायचेत, लाइन मोकळी ठेव. म्हणाली, एकच मिनिट. मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांग. बरं म्हणाली आणि ठेवला. समजूतदार आहे.

७.३०. मोटरबोटीत पेट्रोल नसेल.

८.१५. फोन बंदबिंद पडला नाही ना म्हणून तपासला. चालू आहे.

९.००. नेटवर्कचा लोच्या दिसतोय. जेवून घेतो.

सोमवार, १७ मार्च

फोन नाही. एक आला, नवीन गाद्या हव्यात का विचारत होता. नको म्हटलं. मग त्यालाच जरा गाद्यांबद्दल विचारलं. पाच मिनिटं बोलला बिचारा.

बुधवार, १९ मार्च

आज मुद्दाम नाही, पण सहज क्लबात गेलो. बिल्ला अजून वर. 'पाण्यावर'च्या रांगेत एकटाच. नोंदीप्रमाणे मी तीन दिवस सलग तलावावर आहे. विक्रमच म्हणायचा.

सेक्रेटरीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हो, रविवारी बघितला होता मी काका, पण तुमची बोट कव्हरखाली जागेवर होती. आणि तुम्ही कुठे जाणार? त्या चांगल्या मनाने बोलल्या, हे मी मान्य करतो. मग चावी शोधायला आत गेल्या.

बिल्ला खाली टांगला. नियम म्हणजे नियम, म्हणून मोटरबोट धुवायला घेतली. वॉचमन आला, म्हणाला, ही तर निघालीच नव्हती, स्वच्छ आहे. मी म्हटलं, तो तांत्रिक मुद्दा झाला. दोन तास लागले. बादली माझी मीच भरली.

रविवार, २३ मार्च

सात वाजून गेले. हिचा फोन नाही. सव्वासात. साडेसातला मीच लावला. पंधरा महिन्यांत मी लावायची ही पहिलीच वेळ, नंबर शोधावा लागला.

लेकीने उचलला. आई नातीला घेऊन खाली गेली आहे, म्हणाली. तिचा आवाज जरा तुटक लागला, म्हणून विचारलं काय झालं. मग ती सुटली. म्हणाली, बाबा, तुम्हाला खरंच काही माहीत नाही का? आई दीड महिना पोहायच्या क्लासला जात होती. पहिले चार दिवस नुसता कठडा धरून पाण्यात उभी होती, रडत होती. आजूबाजूला सगळी लहान पोरं. तरी जात राहिली. का, तर तुमच्या त्या बोटीत पुढे बसायचं म्हणून. मागच्या रविवारी पहिल्यांदा इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत गेली, एकदाही न थांबता. बाहेर आली, केस पुसायला थांबली नाही, आधी तुम्हाला फोन. तिकीटही काढायचं ठरलं होतं. आणि तुम्ही तिला लाइन मोकळी ठेव म्हणालात.

मी विचारलं, ती काय म्हणाली? लेक म्हणाली, काही नाही. त्यांचं काहीतरी महत्त्वाचं असेल म्हणाली. सोमवारपासून क्लासला गेलेली नाही.

स्वेटर वाटला होता मला. निळा.

फार वाईट वाटलं. याहून काही लिहिता येत नाही. सगळ्या क्लबाचा फोन यावा म्हणून खिडकीत बसलो होतो, आणि जिचा आला तिला ठेव म्हणालो.

रविवार, ३० मार्च

चषक. वारा सुरेख होता, अगदी मला हवा तसा. तेरा बोटी. भोंगा वेळेवर. डॉक्टर तिसरे आले.

निकालाच्या कागदावर शेवटची ओळ: 'सावकाश, क्र. ४१. सुरुवात केली नाही.' छापील निकालात माझं नाव यंदा पहिल्यांदाच आलं.

दुपारी सुरीने हिच्या खुर्चीची दोरी कापली. लाकडावर वळ उठले आहेत.

सातला मीच फोन लावला. हिने उचलला. मी म्हटलं, माझं चुकलं. असू दे हो, म्हणाली. मी म्हटलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत म्हणजे किती गं? पंचवीस मीटर, म्हणाली. मधे पाय टेकत नाहीत म्हणाली, तिथे फार भीती वाटते. मग बराच वेळ तेच सांगत होती. मी वाऱ्याबद्दल काही बोललो नाही. शेवटी विचारलं, पुढच्या मोसमात येशील का?

बघू, म्हणाली.

फोन ठेवल्यावर पाणी प्यायला उठलो, आणि उघड्या फ्रिजसमोर उभा असताना आठवलं. त्या 'बघू'नंतर हा फ्रिज मी तिला पुन्हा न विचारताच आणला होता. बोटीसारखा.