हरणाची शिंगं उतरवणाऱ्या बाया

आई, संध्याकाळी मावशी येणार आहेत. मावशी म्हणजे इथल्या आपल्या बौद्ध मंडळींत सगळ्यांत थोरल्या. मंडळाचा अध्यक्ष म्हणून माझं नाव त्यांनीच सुचवलं होतं. "फोनवर नको, घरीच येते," म्हणाल्या. एवढंच. आता याला घाबरायचं नाही तर कशाला?

मागे आम्ही सगळे पेनसिल्व्हेनियातून गाड्या काढून वर न्यूयॉर्क राज्यात गेलो होतो, होडेनोशोनी या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी लोकांच्या गावी. बाहेरचे त्यांना इरोक्वा म्हणतात. तिथल्या एक बाई सांगत होत्या, त्यांच्यात प्रमुखाच्या डोक्यावर हरणाची शिंगं चढतात ती कुळातल्या आईच्या शब्दावर. प्रमुखाची कातडी सात वीत जाड हवी, म्हणजे कुणी काही बोललं तरी राग आत पोचत नाही. तो लोकांचं ऐकेनासा झाला, की ती आई त्याला समज देते, पुन्हा देते, आणि तरीही सुधारला नाही तर शिंगं उतरवते. मी जोरजोरात मान डोलावत होतो. परतताना गाडीत मावशी म्हणाल्या, "बेटा, मीटिंगला तू सगळं आधीच डिसाइड करून येतोस. पोरींना बोलूच देत नाहीस. मागेही सांगितलं होतं तुला." मी म्हणालो, "मावशी, टाइम कुठे असतो?"

तेव्हा मला नागपूरचं तुझं स्वयंपाकघर आठवलं. तू आणि वस्तीतल्या बाया डाळ निवडत बसला आहात. दारात विहाराचे सेक्रेटरी. त्यांनी एका म्हातारीला भर सभेत गप्प बसवलं होतं. तू त्यांना चहा देतेस, कप रिकामा होऊ देतेस, मग म्हणतेस, "भाऊ, विहाराची चावी ठेवून जा." ते मुकाट्याने चावी ओट्यावर ठेवतात. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! त्यांच्या चेहऱ्याकडे मात्र मी पाहिलंच नाही, आणि आज दिवसभर तोच आठवायचा प्रयत्न करतोय.

बायको म्हणते, "उगाच टेन्शन घेतोयस. जयंतीच्या प्रोग्रामचं बोलायचं असेल." असेलही.

तू गेल्यावर आता हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? इथेच राहील. सगळ्यांना मी सांगत आलो, की मला पदाची हौस नाही, मावशींनी गळ घातली म्हणून घेतलं. खोटं आहे ते. आई, कुणी "अध्यक्ष" अशी हाक मारली की मी लगेच वळत नाही. पुन्हा एकदा ऐकू यावी म्हणून.